गेरलॉख : एका पॅरिशची नावं

शनिवार : इन्व्हरनेस ते किनलॉख्यू

स्कॉटलंडमधलं अखनाशीन स्टेशन म्हणजे दोन फलाट, मोजकी घरं आणि सुसाट वारा. फलाटावरच्या पाटीवर इंग्रजी नावाच्या जोडीला गेलिक, म्हणजे इथल्या जुन्या भाषेतलं, नावही आहे. त्याचा अर्थ ‘वादळाचं शेत’. आम्ही चहा प्यायला तिथे थांबलो तेव्हा पाऊस आडवा मारत होता, त्यामुळे नाव लगेच पटलं.

मावशी बरीच वर्षं इन्व्हरनेसला राहते. निवृत्त झाल्यावर तिने गेलिकचा संध्याकाळचा वर्ग लावला आणि आता ती त्या भाषेत बऱ्यापैकी बोलते. मला लहानपणापासून नकाशांचं वेड. या वेळी इथे-तिथे न भटकता एकच पॅरिश नीट बघायची, आणि तीही तिच्या नावांवरून, असं आम्ही ठरवलं होतं. पॅरिश म्हणजे मुळात एका चर्चच्या हद्दीत येणारा मुलूख. पुढे कारभारासाठीही तीच हद्द वापरली गेली. स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यावरची गेरलॉख ही देशातल्या सर्वांत मोठ्या पॅरिशांपैकी एक. माणसं कमी, डोंगर, तळी आणि खाड्या अफाट, आणि त्या प्रत्येकाला नाव.

अखनाशीन सोडलं की रस्ता ग्लेन डॉकर्टीच्या खिंडीतून खाली उतरतो आणि समोर एकदम लॉख मरी उघडतं. लॉख म्हणजे तळं किंवा खाडी. सुमारे २० किलोमीटर लांबीचं हे गोड्या पाण्याचं तळं दोन्ही बाजूंच्या डोंगरांत लांबवर पसरलंय. उजवीकडे ९८१ मीटर उंचीचा स्लीयॉख. ‘स्लॉ’ म्हणजे भाला, त्यावरून त्याचं नाव आलं असं मानतात. डावीकडे बेन एय, म्हणजे कानशीचा डोंगर. त्याची दातेरी कड बघितली की लोहाराकडची कानस आठवतेच.

मुक्काम किनलॉख्यूला, तळ्याच्या वरच्या टोकाशी. रात्री जेवताना मावशीने नकाशा पसरला. म्हणाली, “हे बघ, किनलॉख्यू म्हणजे यू-लॉखचं शीर. पण इथे आहे कुठलं लॉख? लॉख मरी! लॉख यू तर पार तिकडे समुद्राकडे, खारी खाडी आहे ती.”

“मग नाव इथे कसं आलं?”

“आधी हे तळंच लॉख यू होतं. मरी हे नाव मागाहून चिकटलं. गावाने मात्र जुनं नाव सोडलं नाही.”

तळ्याच्या उत्तर काठावर लेटर्यू आहे, म्हणजे यूचा उतार. तळ्यातून निघून समुद्राला मिळणारी जेमतेम तीन किलोमीटरांची नदी यू. तिच्या मुखाशी पूल्यू आणि इन्वर्यू. तळ्याचं नाव बदललं तरी काठावरच्या नावांनी जुना पुरावा सांभाळून ठेवलाय. नावांवरून इतिहास वाचता येतो, असं आपण ऐकून असतो. इथे ते एका नकाशावर बोट फिरवून दिसतं.

रविवार : किनलॉख्यू

या भागात रविवार अजून कसोशीने पाळतात. सकाळी चर्चकडे जाणाऱ्या गाड्या सोडल्या तर रस्त्यावर कोणी नाही. आम्ही बेन एयच्या पायथ्याशी जुन्या पाइन झाडांतून चढणाऱ्या पायवाटेवर गेलो. १९५१ साली ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय निसर्ग अभयारण्य इथे झालं. झाडं खरोखर देखणी आहेत, पण आमचं लक्ष नकाशातच.

गेलिक नावं वाचताना पहिली अडचण स्पेलिंगची नसते, कानाची असते. शब्दाच्या सुरुवातीला त्यांचा ‘ब’ आपल्याला जवळजवळ ‘प’ ऐकू येतो, ‘ग’ हा ‘क’च्या जवळ जातो, आणि त्यांचा ‘क’ आपल्या ‘ख’सारखा महाप्राण. इंग्रजी कानाला हे सगळं धूसर लागतं. मराठी कानाला प-फ, क-ख यांत फरक करायची सवयच असते. मावशीने स्वच्छ गेलिकमध्ये ‘गेरलॉख’ म्हणून दाखवलं तेव्हा मला ‘क्यार्र-लॉख’ ऐकू आलं : आखूड खाडी.

दुसरी अडचण व्याकरणाची. ‘मोर’ म्हणजे मोठा, पण स्त्रीलिंगी नामानंतर तोच ‘व्होर’ होतो. ‘बेन’ म्हणजे डोंगर, समासात ‘व्हेन’ होतो. दक्षिणेकडून आलेल्या आणि गेलिकचा गंध नसलेल्या माणसाने हे नाव कानाने टिपायचं तर कुठल्या अक्षरांत टिपायचं? इथून जवळच बूसव्हेन नावाचा डोंगर आहे. कोणी त्याचा अर्थ मांत्रिकाचा डोंगर असा लावतात. स्थळनामांचे अभ्यासक विल्यम वॉटसन यांना मात्र त्यात ‘बाहिश’, म्हणजे कपाळ, हा शब्द दिसला : कपाळाचा डोंगर. नकाशावर एकदा छापलेल्या स्पेलिंगने दोन अर्थांना वाट करून दिली.

वॉटसन यांच्याविषयी थोडं सांगायलाच हवं. १८६५ साली याच परगण्याच्या पूर्व भागात, एका लोहाराच्या घरी त्यांचा जन्म झाला. गेलिक ही त्यांची घरची भाषा. १९०४ मध्ये त्यांनी रॉस आणि क्रोमार्टी या परगण्यातल्या स्थळनामांचा ग्रंथ काढला. पुढे ते एडिनबरा विद्यापीठात केल्टिकचे प्राध्यापक झाले. कागदावरचं जुनं रूप आणि स्थानिक माणसाच्या तोंडचा उच्चार, दोन्ही समोर ठेवल्याशिवाय अर्थ सांगायचा नाही, ही त्यांची शिस्त. आज ती साधी वाटते. त्यांच्या आधी मात्र नावांच्या अर्थांच्या नुसत्या पुड्या सुटत होत्या.

सोमवार : आइल मरी

तळ्यात साठाहून अधिक बेटं आहेत. सर्वांत मोठ्या एलन सूव्हिन्यच्या पोटात स्वतःचं एक तळं आहे आणि त्या तळ्यातही एक बेट. आम्हाला जायचं होतं ते मात्र सगळ्यांपासून जरा दूर, उत्तर काठाजवळच्या छोट्या आइल मरीवर. मावशीच्या वर्गातल्या एका ओळखीच्या माणसाने सकाळी आपल्या बोटीतून सोडलं.

या बेटावर होली आणि ओक ही झाडं एकमेकांत इतकी गुंतलीत की आत शिरताना वाकावं लागतं. मधोमध जुनी कबरस्तानाची जागा. दोन आडव्या शिळांवर क्रूस कोरलेत. त्या एका नॉर्स, म्हणजे व्हायकिंग, राजपुत्राच्या आणि त्याच्या बायकोच्या, असं सांगतात. बाजूला वाळलेल्या ओकचं खोड. लोकांनी त्यात नाणी आडवी ठोकलीत, एकावर एक, माशाच्या खवल्यांसारखी. कडेला बोट फिरवलं तर नाण्यांच्या कडा वाकलेल्या, काळ्या-हिरव्या झालेल्या. काही इतकी खोल गेलीत की नुसती चीर दिसते. तांब्याच्या विषाने झाड मेलं, असं म्हणतात. १८७७ मध्ये व्हिक्टोरिया राणी या तळ्याकाठी सहा रात्री राहिली होती. तिनेही इथे नाणं ठोकलं. तळ्याकाठच्या हॉटेलजवळच्या शिळेवर तिच्या मुक्कामाची नोंद गेलिकमध्ये कोरलेली आहे, ती आम्ही परतताना वाचली.

हे सगळं ज्याच्यामुळे, तो मॅल रूवा. आयर्लंडमधल्या बँगरच्या मठातून आलेला हा संत. ६७३ साली दक्षिणेला ॲपलक्रॉसला त्याने मठ स्थापला, ७२२ साली वारला. त्याचं नाव लोकांच्या तोंडी मरुई, मरी, मोरी असं झिजत गेलं आणि आधी बेटाला, मग अख्ख्या तळ्याला लागलं. ॲपलक्रॉसला गेलिकमध्ये अजूनही ‘अ खॉमरिख’ म्हणतात, म्हणजे अभयस्थान. मठाच्या हद्दीत शिरलेल्याला कोणी हात लावायचा नाही, असा नियम होता. तो नियम नावात राहिला.

मला सर्वांत विलक्षण वाटली ती कागदपत्रांची गोष्ट. १६५६ मध्ये डिंगवॉलच्या धर्ममंडळाची बैठक ॲपलक्रॉसला भरली. २५ ऑगस्टला, म्हणजे मोरीच्या दिवशी, लोक बैल बळी देतात, अशी तक्रार त्यांनी नोंदवली. १६७८ मध्ये पुन्हा तेच. एका मॅकेंझी कुटुंबाने घरातल्या आजारी बाईला बरं वाटावं म्हणून बेटावर बैल कापला, म्हणून त्यांना बोलावणं गेलं. त्या नोंदीत जागा कशी सांगितलीय? सेंट रफसचं (म्हणजे मॅल रूवाचं) बेट, ज्याला सर्वसाधारणपणे एलन मोरी म्हणतात, लॉख्यूमधलं. म्हणजे १६७८ मध्ये पाद्र्यांच्या लेखी हे तळं अजून लॉख्यूच होतं, आणि बेटाला लोक काय म्हणतात तेही त्याच ओळीत आलं. ज्यांना ही प्रथा गाडायची होती त्यांनीच तिच्या जागेचं नाव लोकांच्या तोंडचं लिहून ठेवलं. शनिवारी मावशीने नकाशावरून सांगितलेली गोष्ट सोमवारी कागदावर पक्की झाली.

मंगळवार : गेरलॉखचं संग्रहालय

तळ्याकाठच्या रस्त्याने गेरलॉख गाठलं. १८४६ नंतर बटाट्याचं पीक गेलं आणि उपासमार आली, तेव्हा धान्याच्या बदल्यात लोकांकडून हे रस्ते करून घेतले गेले. अजून लोक त्यांना हलाखीचे रस्ते म्हणतात.

संग्रहालयाची इमारत बघून आधी गोंधळायला होतं. जाड काँक्रीटची ही वास्तू १९५० च्या दशकात, शीतयुद्धाच्या काळात, लष्करी बंकर म्हणून बांधलेली. २०१९ मध्ये संग्रहालय इथे हललं आणि २०२० मध्ये ब्रिटनमधल्या मानाच्या संग्रहालय पुरस्काराच्या पाच विजेत्यांत त्याचं नाव आलं. एवढ्या छोट्या गावासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. आत पिक्टिश, म्हणजे इथल्या प्राचीन पिक्ट लोकांच्या, काळातली एक शिळा आहे. तिच्यावर कोरलेला सामन मासा इतका अचूक आहे की कोरणाऱ्याने तो हातात धरून बघितला असणार.

दुपारभर आम्ही संगणकावर सर्वेक्षणाच्या नाववह्या चाळल्या. रॉस परगण्याच्या मुख्य भूमीचं सहा इंचांना एक मैल या प्रमाणातलं मोठं सर्वेक्षण १८७० च्या दशकात झालं. सर्वेक्षणवाले डोंगर मोजायचे आणि नावं या वह्यांत उतरवायचे. पान उघडलं की पाच रकाने. पहिल्यात नकाशावर जायचं नाव, दुसऱ्यात त्याची निरनिराळी स्पेलिंगं, तिसऱ्यात ती स्पेलिंगं कोणाच्या आधाराने, चौथ्यात जागा, पाचव्यात दोन-चार ओळींचं वर्णन. हस्ताक्षर सुबक, तिरकं. मध्येच लाल शाईने खोडून सुधारलेलं. एखाद्या ओढ्याचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलंय, आणि त्यातलं एक निवडून पहिल्या रकान्यात नेलंय. ती निवड आज आपल्या हातातल्या नकाशावर आहे.

सगळं सार तिसऱ्या रकान्यात आहे. आधार कोणाचा? जमीनदार, त्याचा कारभारी, पाद्री, शाळामास्तर. सर्वेक्षण खात्याच्या सूचनाच तशा होत्या. लहान शेतकरी आणि झोपडीत राहणारे यांच्यावर, ते स्वतः राहतात त्या जागेच्या नावासाठीसुद्धा, विसंबू नये, विशेषतः स्पेलिंगच्या बाबतीत. आता विचार करा, डोंगरावर कोण जात होतं? गुरं घेऊन कोण जात होतं, कोळंबी-खेकड्यांच्या फटी कोणाला ठाऊक होत्या? ज्यांच्या पायाखाली ती जागा होती त्यांच्याकडे अक्षरं नव्हती, म्हणून त्यांना विचारलं नाही.

आणि त्याच दशकाच्या सुरुवातीला, १८७२ मध्ये, स्कॉटलंडचा शिक्षण कायदा आला. शाळा सक्तीची झाली आणि त्या कायद्यात गेलिकला जागाच नव्हती. एकीकडे नावं इंग्रजी कानांनी लिहिली जात होती, दुसरीकडे ती नावं बोलणाऱ्यांच्या मुलांना वर्गात आपली भाषा बाहेर ठेवावी लागत होती. या दोन गोष्टी वेगवेगळ्या खात्यांनी केल्या. परिणाम मात्र एकाच घरात झाला.

सगळाच दोष सर्वेक्षणवाल्यांच्या माथी मारावा असं मला वाटत नाही. त्या वह्या नसत्या तर हजारो नावं अजिबातच उरली नसती. हेब्रिडीज बेटांवर तर नावं तपासून द्यायला त्यांनी अलेक्झांडर कारमायकेल यांच्यासारख्या लोकसाहित्याच्या जाणकाराची मदत घेतली होती. म्हणजे भाषा जाणणाऱ्याला विचारावं, हे त्यांना कळत होतं. प्रत्येक ठिकाणी ते केलं गेलं नाही, एवढंच.

गेरलॉखचं नशीब असं की इथे नंतरही लिहून ठेवणारे भेटले. १८८६ मध्ये जॉन डिक्सन या इथे येऊन राहिलेल्या गृहस्थाने पॅरिशचा जाडजूड इतिहास लिहिला आणि शेवटी स्थळनामांचा कोश जोडला. विसाव्या शतकात रॉय वेंटवर्थ यांनी गेरलॉखच्या बोलीचा ध्यास घेतला. इथल्या म्हाताऱ्या भाषकांजवळ बसून त्यांनी शब्द, उच्चार आणि नावं टिपली, आणि त्या बोलीच्या ध्वनींवर प्रबंध लिहिला. नुसतं नाव आणि अर्थ यांवर ते थांबले नाहीत. नाव कसं उच्चारलं गेलं ते ध्वनिलिपीत उतरवलं. हे काम त्या पिढीच्या हयातीत झालं म्हणून झालं.

बुधवार : पांढऱ्या गाईची शेज

गेरलॉखच्या किनाऱ्यावर, गोल्फच्या मैदानालगत, वाळूच्या टेकड्यांत एक खोलगट हिरवळ आहे. तिचं नाव लेबी ना बा बाने, ‘पांढऱ्या गाईची शेज’. फिन या महावीराने आपल्या पांढऱ्या गाईला बसायला ही जागा खणली, अशी कथा. एकोणिसाव्या शतकात याच खळग्यात उघड्यावर प्रार्थनासभा भरायच्या आणि आसपासच्या पॅरिशांतून हजारो माणसं येऊन उतारावर बसायची. वीराच्या गाईचं नाव घेतलेल्या जागेत कडक प्रॉटेस्टंट उपासना चालली आणि कोणाला त्या नावाची अडचण झाली नाही, हे मला फार आवडलं.

जवळच्या दफनभूमीत विल्यम रॉस या गेलिक कवीचं स्मारक आहे. तो इथलाच शाळामास्तर. १७६२ ला जन्मला आणि तिशीही न गाठता गेला.

दुपारी एका क्रॉफ्टरकडे गेलो. क्रॉफ्ट म्हणजे घराभोवतीचा, खंडाने कसायचा जमिनीचा छोटा तुकडा, शिवाय डोंगरावरच्या सामाईक चराईत वाटा. गृहस्थ सत्तरीच्या पुढचे. मावशी त्यांच्याशी ‘शिव’ म्हणून बोलत होती. आपल्या ‘तुम्ही’सारखं ते आदरार्थी. ते तिला ‘ऊ’ म्हणत होते, म्हणजे ‘तू’, आणि त्यात सगळी आपुलकी होती. मावशीने फोनवर ध्वनिमुद्रण करू का म्हणून विचारलं. त्यांनी मान हलवली आणि कुत्र्याला बाहेर काढलं.

मग आम्ही घरामागच्या किनाऱ्याने चाललो. नकाशावर त्या पट्ट्यात एकही अक्षर नाही. ते चालता चालता काठीने दाखवत गेले. इथे होडी ओढायची जागा, हिला हे नाव. तो खडक, भरतीला त्याचं डोकं बुडालं की पलीकडे जायचं नाही, त्याला ते नाव. ही फट आईच्या बाजूच्या एका बाईच्या नावाची, ती इथे शिंपल्या काढायची. प्रत्येक नावाला कारण होतं आणि कारणात माणूस होता. मावशी दर वेळी त्यांना थांबवून नाव पुन्हा म्हणायला लावत होती आणि मी तिथला अचूक ठावठिकाणा टिपत होते. ते म्हणाले, “माझ्या मुलांना मासे धरता येतात, पण नावं घेऊन धरता येत नाहीत.”

वर चराईकडे बघून त्यांनी ‘आरी’ दाखवल्या. उन्हाळ्यात गुरं वर न्यायची, बायका आणि मुली तिथेच दगडी खोपट्यांत राहायच्या, लोणी आणि चीज करायच्या. त्या जागेला आरी म्हणतात. खोपटी केव्हाच पडली, पण शेणखताने सकस झालेली जमीन अजून हिरवीगार ओळखू येते. बेन आरी खार, लॉख आरी अ फुइल, अशा नावांत ती नकाशावरही आहे. लॉख ना हुइख्ये म्हणजे रात्रीचं तळं. तिथे मासे रात्री लागतात, हे त्या नावातूनच कळतं.

गेलिक बोलणारे स्कॉटलंडमध्ये २०११ च्या जनगणनेत ५७ हजारांच्या घरात होते, २०२२ मध्ये सुमारे ६९,७००. आकडा वाढला याचा आनंद आहे. पण वाढ मुख्यतः शहरांत, शाळांत शिकणाऱ्यांची आहे. ग्लासगोतल्या मुलीला गेलिक येईल, पण ही फट कोणत्या बाईची ते तिला कोणी सांगायचं? त्यासाठी या घरात येऊन, या माणसाच्या मागून चालावं लागतं.

गुरुवार : पूल्यू ते कोव्ह

इन्वर्यूची बाग प्रसिद्ध आहे. गल्फ प्रवाहाच्या उबेमुळे इतक्या उत्तरेला दक्षिण गोलार्धातली झाडं वाढतात. ऑसगुड मॅकेंझी यांनी १८६२ पासून ती लावली. त्याआधी हा उघडाबोडका खडक ‘अम प्लॉख्क आर्ड’, उंच ढेकूळ, म्हणून ओळखला जायचा. बाग सुरेख आहे. तास-दीड तास पुरतो.

आम्हाला खाडीच्या पश्चिम काठाचा रस्ता हवा होता. इथे नावांचा दुसरा थर लागतो. नास्ट हे गाव नॉर्स ‘नौस्ट’वरून, म्हणजे होड्या ठेवायची जागा. शिल्डेग हे ‘सिल्ड-व्हीक’वरून, हेरिंग माशांचा उपसागर. स्लॅटडेल म्हणजे सपाट खोरं. शेवटी ‘-एग’ ऐकू आलं की मागे नॉर्स उपसागर असू शकतो, ‘-डेल’ ऐकू आलं की खोरं. व्हायकिंग आले, राहिले, गेलिक बोलू लागले, आणि पुढच्या माणसांनी त्यांची नावं तशीच गेलिक गळ्यातून घेतली. इन्व्हरआसडेलमध्ये तर पुढचा तुकडा गेलिक आणि मागचा नॉर्स.

रस्त्याच्या टोकाला रू नान सासन हे भूशिर. दुसऱ्या महायुद्धात याच खाडीतून रशियाकडे रसद घेऊन जाणारे जहाजांचे तांडे निघायचे. तोफांच्या चौथऱ्यांशेजारी त्यांचं स्मारक आहे. हवा स्वच्छ झाली आणि पश्चिमेला क्षितिजावर लुईस बेटाची रेघ दिसली.

लुईसमधल्या स्टॉर्नोवेला १७५४ च्या सुमारास कॉलिन मॅकेंझी जन्मला. तो १८१५ मध्ये भारताचा पहिला सर्वेक्षण प्रमुख झाला आणि १८२१ मध्ये कलकत्त्याजवळ वारला. त्याने दख्खनमध्ये नकाशांबरोबर शिलालेख, बखरी, गावांच्या हकिगती गोळा केल्या, त्यांत मराठी हस्तलिखितंही आहेत. पण हे त्याने एकट्याने केलं नाही. कावली वेंकट बोरय्या आणि त्यांचे भाऊ गावोगाव जाऊन लोकांशी त्यांच्या भाषेत बोलले, म्हणून ते जमलं. मॅकेंझीने स्वतः कबूल केलं होतं की बोरय्या नसते तर हे दार उघडलं नसतं. गेरलॉखच्या वह्यांतला तिसरा रकाना वाचताना मला हाच फरक सारखा जाणवत होता. विचारणारा कोणत्या भाषेत विचारतो, आणि कोणाच्या ओसरीवर जाऊन बसतो. आपल्याकडे खडकीचं किरकी आणि ठाण्याचं टॅना झालं, त्यामागेही कुणीतरी असंच कानाने टिपलं होतं. आपल्याकडे ती नावं बोलणारे कोटींनी होते, म्हणून मूळ रूप हललं नाही. इथे बोलणारेच कमी झाले.

शुक्रवार : ऑल्टबे, मेलन उड्रिगल, ग्रुइनर्ड

ऑल्टबे म्हणजे बर्चझाडांचा ओढा, लेड म्हणजे उतार, मेलन चार्ल्स म्हणजे चार्ल्सची टेकडी. मेलन उड्रिगलच्या पांढऱ्या वाळूवर दुपार काढली. पलीकडच्या ग्रीनस्टोन भूशिराजवळ लॉख ना बेष्ट्ये आहे, श्वापदाचं तळं. पाण्यात एक जनावर राहतं, अशी लोकांची पक्की खात्री. १८४० च्या सुमारास कुळांनी गाऱ्हाणं घातलं म्हणून जमीनदाराने ते तळं उपसायला लावलं. पाणी काही आटेना, तेव्हा चुन्याची पिंपं ओतली. जनावर सापडलं नाही. नाव तसंच राहिलं, आणि ही हकिगत त्या नावामुळे राहिली.

ग्रुइनर्डच्या उपसागराशी पॅरिशची हद्द येते. नाव पुन्हा नॉर्स : उथळ फिओर्ड. समोरच्या ग्रुइनर्ड बेटावर १९४२ मध्ये ॲन्थ्रॅक्स या जीवघेण्या रोगाच्या जंतूंची चाचणी झाली आणि १९९० पर्यंत तिथे पाय ठेवायला बंदी होती.

गाडीत मावशीने बुधवारचं ध्वनिमुद्रण लावलं. एक नाव दोघींनाही नीट लागलं नव्हतं. वाऱ्यात शेवटचा स्वर हरवला होता. तिने त्या गृहस्थांना फोन लावला, नाव पुन्हा म्हणवून घेतलं, आणि मग तिसऱ्यांदा. पुढच्या महिन्यात ती पुन्हा जाणार आहे. आरीच्या बाजूची नावं राहिलीत, आणि तिथे चालायला त्यांना कोरडा दिवस लागतो.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. पायी फिरायचं असेल तर सव्वा इंचाला सुमारे अर्धा मैल दाखवणारे, म्हणजे १:२५,००० प्रमाणातले एक्सप्लोरर नकाशे घ्या. गेरलॉख आणि लॉख यूचा क्रमांक ४३४. निघण्याआधी घरी बसून स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर एकोणिसाव्या शतकातला सहा इंची नकाशा फुकट बघता येतो, आणि नाववह्याही ऑनलाइन वाचता येतात. अधिकृत गेलिक रूप हवं असेल तर ‘आन्मेन-आत्ये ना ह-आलप’ या संस्थेची नामसूची आहे. स्थानिकांचे जुने आवाज ऐकायचे तर ‘टोबर अन दुअल्खिश’ हे संकेतस्थळ. आणि गेरलॉखला कोणी नाव सांगू लागलं, तर त्याला शेवटपर्यंत सांगू द्या, आणि पुन्हा म्हणायला सांगा. त्याला राग येत नाही.